हमाल नावाचा खेकडा

माझ्यावर एका खेकड्याचं ऋण आहे. हा खेकडा खाडीतला नव्हे. 'पोकेमॉन' नावाचा जो जपानी खेळ आहे, त्यातला. त्याचं नाव क्रॅबी. मोठा झाला की त्याचा किंगलर होतो. मी मात्र त्याला तिसरंच नाव दिलं होतं. ते का दिलं आणि पुढे त्याचं काय झालं, हे आजवर दोनच माणसांना सांगितलं आहे. ऋण फेडता येत नसेल तर निदान कबूल करावं, म्हणून आज लिहायला बसलो.

आमचं गाव रायगड जिल्ह्यात, खाडीच्या तोंडाशी. घरामागे खाजण आणि खाजणात दाट तिवरं. वडील दुसऱ्याच्या बोटीवर खलाशी होते. मला एकच भाऊ, पाच वर्षांनी मोठा. आजोबा त्याला लहानपणापासून खाडीवर नेत, त्यामुळे चिंबोऱ्यांची सगळी विद्या त्याच्याकडे आली होती. फगाला, म्हणजे चिंबोऱ्या पकडायच्या जाळीला, माशाचं डोकं बांधून तो कुठे सोडायचा आणि किती वेळाने उचलायचा, हे त्याला विचारावं. चिंबोरी उलटी करून पोटावरचं झाकण तो मला दाखवायचा. निमुळतं असेल तर नर, रुंद असेल तर मादी. अमावास्येची चिंबोरी भरलेली आणि पौर्णिमेची पोकळ, असं आमच्याकडे म्हणतात. दादा हातात घेऊन नुसत्या वजनावरून सांगायचा. भरतीची वेळ काढायला त्याला पंचांगातली तिथी पुरे होती. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ येते. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता. आजोबांनी त्याच्याकडून पाऊणकी पाठ करून घेतली होती, ती अशी रोज उपयोगाला यायची.

ओहोटी लागली की चिखलातल्या बिळांतून बोटाच्या पेराएवढे खेकडे बाहेर येत. त्यांच्यातल्या नरांची एक नांगी जवळजवळ अंगाएवढी मोठी आणि दुसरी इवलीशी. ती मोठी नांगी वरखाली हलवत ते बिळाच्या तोंडाशी उभे राहत. दादा म्हणायचा, "बघ, मादीला बोलावतायत." मी बघायचो, पण फार वेळ नाही. मला घरात जाऊन टीव्ही लावायचा असे.

२००३ मध्ये मी नऊ वर्षांचा होतो. कार्टून नेटवर्कवर पोकेमॉन हिंदीतून लागायचं. त्यातला नायक ॲश गावोगाव फिरून 'पोकेमॉन' नावाचे प्राणी पकडतो, त्यांना वाढवतो आणि स्पर्धेत उतरवतो. एका दीपगृहाच्या भागात तो एक क्रॅबी पकडतो. पण एका वेळी सहाच प्राणी जवळ ठेवता येतात आणि त्याचे सहा आधीच झालेले असतात. त्यामुळे क्रॅबी आपोआप प्रोफेसर ओक नावाच्या शास्त्रज्ञाकडे जातो आणि कितीतरी भाग त्याचं नावही निघत नाही. मोठ्या स्पर्धेच्या पहिल्याच फेरीत ॲश त्याला बाहेर काढतो. ज्याच्याकडून कुणाचीच अपेक्षा नव्हती तो क्रॅबी पहिला सामना जिंकतो, तिथल्या तिथे त्याचा किंगलर होतो आणि उरलेले दोन प्रतिस्पर्धीही तोच हरवतो. दादा त्या दिवशी जाळं विणत माझ्यामागे बसला होता. तो हातातलं काम थांबवून बघत राहिला. मला मात्र आग ओकणारा चॅरिझार्ड आवडायचा. खेकडा जिंकला याचं मला थोडं वाईटच वाटलं. खेकडा तर आमच्या घरामागे होता. त्यात काय मोठंसं!

२००५ च्या मे महिन्यात आखातात राहणारा आतेभाऊ सुट्टीला आला. त्याला नवं यंत्र मिळणार होतं म्हणून जुना गेम बॉय ॲडव्हान्स आणि 'पोकेमॉन फायर रेड'ची कार्ट्रिज तो मला देऊन गेला. त्या उन्हाळ्यात माझ्यासाठी जग एवढ्याशा पडद्यात मावलं. मी नवा खेळ सुरू केला, चार्मँडर निवडला, कारण पुढे त्याचाच चॅरिझार्ड होतो, आणि पुढे जात राहिलो.

या खेळात वाटेत अडथळे असतात. कुठे झुडूप आडवं येतं, कुठे मोठा दगड, कुठे फोडावा लागणारा खडक, कुठे ओलांडायचं पाणी. त्यासाठी आपल्या प्राण्यांना खास कामं शिकवावी लागतात. कट म्हणजे झुडूप तोडणं, स्ट्रेंग्थ म्हणजे दगड ढकलणं, रॉक स्मॅश म्हणजे खडक फोडणं आणि सर्फ म्हणजे आपल्याला पाठीवर घेऊन पाणी पार करणं. प्रत्येक प्राण्याला एकूण चारच गोष्टी येऊ शकतात आणि ही कामं एकदा शिकवली की सहजासहजी पुसता येत नाहीत. म्हणून आवडत्या प्राण्याला कुणी ही कामं शिकवत नाही. त्यासाठी एखादा बिनमहत्त्वाचा प्राणी शोधतात.

समुद्रावर गळ टाकला तेव्हा मला क्रॅबी लागला. चारही कामं त्याला शिकता येत होती. मी ती चारही त्याच्यावर लादली. लढायला एकही जागा शिल्लक ठेवली नाही. पकडला तेव्हाच खेळाने विचारलं होतं, याला नाव द्यायचं का? मी इंग्रजी अक्षरांत लिहिलं होतं, 'हमाल'.

मला ते नाव फार चपखल वाटलं होतं. अकरा वर्षांच्या मुलाला 'हमाल' हा शब्द कसा माहीत होता आणि तो त्याने कोणत्या अर्थाने वापरला, हे मी आज स्वतःला विचारतो. धक्क्यावर बर्फाच्या लाद्या आणि माशांच्या टोपल्या वाहणारी माणसं मी रोज बघत होतो. त्यांच्या डोक्यावरचं ओझं मला दिसत होतं. त्याखालचा माणूस दिसत नव्हता.

जूनमध्ये दादाचा दहावीचा निकाल लागला. तो गणितात आणि इंग्रजीत नापास झाला. पुन्हा बसायचं की नाही यावर घरात फार चर्चा झाली नाही. वडिलांचा गुडघा त्या वर्षी बिघडला होता. पावसाळ्याची मासेमारी बंदी उठली तसा दादा त्यांच्या जागी बोटीवर गेला. मधल्या दिवसांत तो धक्क्यावर लाद्या उचलायचा. मी शाळेत हुशार होतो. घरात दोन मुलं होती, त्यातल्या एकाने शिकायचं आणि दुसऱ्याने वाहायचं, हे कुणी न बोलता ठरून गेलं. मला त्यात काही वावगं दिसलं नाही. चॅरिझार्डने लढायचं आणि हमालने दगड ढकलायचे, तसंच ते होतं.

गेम बॉयला दोन पेन्सिल सेल लागायचे. एक जोडी साधारण पंधरा तास चालायची. ती संपली की एक-दोन दिवसांत नवी जोडी यंत्राशेजारी ठेवलेली असायची. ती कोण आणतं, हे मी कधी विचारलं नाही.

पुढच्या पावसाळ्यात बंदीमुळे दादा घरी होता. एका संध्याकाळी तो माझ्या खांद्यावरून पडद्यात डोकावला. तोवर हमालचा किंगलर झाला होता, कारण अठ्ठाविसाव्या पातळीला तो होतोच. दादाने त्याची ती मोठी नांगी बघितली आणि म्हणाला, "ही चिंबोरी लढत नाही का रे?"

मी म्हटलं, "नाही. तो कामाला ठेवलाय."

"नांगी बघ केवढी आहे. एकदा लढवून तर बघ."

मी म्हटलं, "तुला काय कळतं यातलं? तोही हमाल आणि तूही हमालच."

दादा काही बोलला नाही. थोडा वेळ तसाच उभा राहिला आणि खाडीकडे निघून गेला. दुसऱ्या दिवशी यंत्राशेजारी सेलची नवी जोडी होती. मी ती घातली आणि खेळत राहिलो. एवढंच घडलं. त्या वाक्याबद्दल मी माफी मागितली नाही. माफी मागण्यासारखं काही बोललो आहे, हेच माझ्या लक्षात आलं नाही.

नंतर दहावीचं वर्ष आलं आणि गेम बॉय मागे पडला. २०१० मध्ये चांगले गुण मिळवून मी मेकॅनिकलच्या पदविकेसाठी पुण्याला गेलो. फी दादाने भरली. तोवर तो बोटींची डिझेल इंजिनं दुरुस्त करू लागला होता. कुणी शिकवलं नव्हतं. तो इंजिनाला कान लावून ऐकायचा आणि बिघाड कुठे आहे ते सांगायचा.

पुण्यात माझं गर्वाचं घर खाली आलं. गावात मी पाठांतरावर हुशार ठरलो होतो. इथे कानस हातात दिली की माझा तुकडा वाकडा व्हायचा. चित्रकामाच्या कागदावर पुढून, बाजूने, वरून वस्तू कशी दिसेल ते मला डोळ्यांपुढे आणताच यायचं नाही. पहिल्या वर्षी माझे तीन विषय राहिले. घरी सांगायचं धाडस होत नव्हतं. शेवटी एका रात्री दादाला फोन केला आणि म्हटलं, "मी परत येतो. माझ्याच्याने होत नाही. मी नांगी टाकली."

तिकडून थोडा वेळ फक्त वाऱ्याचा आवाज आला. मग दादा म्हणाला, "चिंबोरी नांगी कधी टाकते ठाऊक आहे ना? कुणी धरली की. नांगी सोडून जीव वाचवते. मग कवच टाकते तेव्हा नवी येते. आधी लहान येते, पुढच्या वेळेला मोठी. तू परीक्षेला बस."

आपल्या भाषेत नांगी टाकणं म्हणजे हार पत्करणं. दादाने खाडीत बघितलेलं त्याहून खरं होतं. पुढे मला कळलं की खेळातल्या पोकेडेक्समध्ये, म्हणजे प्राण्यांच्या माहितीकोशातही, क्रॅबीबद्दल हेच नोंदवलेलं आहे. त्याची नांगी तुटली तरी पुन्हा उगवते. ज्या प्राण्याला मी वर्षभर राबवलं त्याच्याबद्दलची एवढी ओळही मी वाचली नव्हती.

परीक्षेची तयारी करताना जेवायला मी हमाल पंचायतीच्या 'कष्टाची भाकर' केंद्रात जाऊ लागलो, कारण तिथे कमी पैशांत पोट भरायचं. पंचायतीचं नाव पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी पाटीसमोर थबकलो. बाबा आढावांच्या पुढाकाराने पुण्यातल्या हमालांनी उभी केलेली ही संघटना. शेजारी बसून भाकरी खाणारी माणसं हमाल होती आणि 'हमाल' हा शब्द ती ताठ मानेने स्वतःबद्दल वापरत होती. मी जो शब्द एका खेकड्याला आणि माझ्या भावाला हिणवायला वापरला होता, तो इथे दारावर लिहिलेला होता. त्या दिवशी भाकरी घशाखाली उतरायला वेळ लागला.

त्याच वर्षी वसतिगृहात माझ्या खोलीतल्या मित्राकडे निन्टेंडो डीएस लाइट होतं आणि त्यात 'पोकेमॉन डायमंड'. त्याने मला सांगितलं की जुन्या कार्ट्रिजमधले प्राणी या नव्या खेळात आणता येतात. त्यासाठी नव्या खेळात पाल पार्क नावाची जागा आहे. एका वेळी सहा प्राणी नेता येतात आणि नेलेले परत आणता येत नाहीत. मला हमाल आठवला. दादाला फोन करून विचारलं, तो जुना गेम बॉय कुठे असेल का?

चार दिवसांनी एसटीच्या पार्सलने डबा आला. बिस्किटांचा पत्र्याचा डबा, आत प्लास्टिकच्या दोन पिशव्या आणि त्यांत कापडात गुंडाळलेलं यंत्र. आमच्याकडच्या खाऱ्या हवेत लोखंड टिकत नाही, पण यंत्राचे स्क्रूही गंजले नव्हते. सेल काढून वेगळे ठेवलेले होते, नाहीतर ते गळून सगळं खराब झालं असतं. मी ते असंच टाकून आलो होतो. तेव्हापासून कुणीतरी ते जपलं होतं.

फायर रेडचा साठवलेला खेळ शाबूत होता. पण मित्र म्हणाला की ज्याच्यावर ती वाटेतली कामं लादलेली आहेत, त्याला पाल पार्कमधून जाता येत नाही. ओझं उतरवल्याशिवाय पलीकडे प्रवेश नाही. फायर रेडमध्ये फ्युशिया शहरात शिकलेलं विसरायला लावणारा एक म्हातारा आहे. मी हमालला त्याच्याकडे नेलं आणि झुडपं तोडण्याचं काम पुसून टाकलं. त्याच्याकडची पहिली जागा रिकामी झाली. मग मी त्याला पहिल्यांदाच लढायला उतरवला. दोन आठवडे रोज रात्री थोडा वेळ. बाकीची कामंही हळूहळू काढली. पातळी वाढता वाढता तो त्याची खरी विद्या शिकला, तिचं नाव क्रॅबहॅमर. ती मोठी नांगी हातोड्यासारखी हाणायची.

पण तो घाव जोराचा बसत नव्हता. मला कोडं पडलं. किंगलरची मारण्याची ताकद १३० आहे. खेळातल्या भल्याभल्यांपेक्षा ती जास्त आहे. मोठ्या नांगीत दहा हजार अश्वशक्तीचा जोर आहे, असं पोकेडेक्स सांगतो. मग घाव असा का?

मित्राने समजावलं. या खेळात ताकद दोन प्रकारची असते, एक अंगाची आणि एक 'विशेष'. जुन्या खेळांत कोणता घाव कोणत्या ताकदीवर मोजायचा, हे त्याच्या जातीवरून ठरायचं. दगड, माती, कुस्ती यांचे घाव अंगबळावर मोजले जायचे. आग, पाणी, वीज यांचे सगळे घाव विशेष बळावर. क्रॅबहॅमर पाण्याच्या जातीचा, म्हणून तोही विशेष बळावर मोजला जायचा. किंगलरचं अंगबळ १३०, पण विशेष बळ फक्त ५०. तो नांगी उचलून पूर्ण जोराने हाणायचा आणि हिशेब त्याच्याकडे नसलेल्या ताकदीचा व्हायचा. १९९६ मध्ये पहिला खेळ आला तेव्हापासून हाच नियम होता. २००६ मध्ये डायमंड आणि पर्ल आले तेव्हा नियम बदलला. तेव्हापासून प्रत्येक घाव स्वतंत्रपणे मोजला जातो. नांगीचा फटका असेल तर अंगबळावर, पाण्याचा फवारा असेल तर विशेष बळावर.

आम्ही हमालला आणि त्याच्यासोबत आणखी पाच जणांना पाल पार्कमध्ये आणलं. तिथे आपल्याच प्राण्यांना पुन्हा शोधून पकडावं लागतं. समुद्राच्या भागात तो मला सापडला. मग मित्राच्या खेळात, साधारण तेवढ्याच ताकदीच्या प्रतिस्पर्ध्यासमोर, मी त्याला क्रॅबहॅमर करायला सांगितलं. एका घावात समोरचा पडला.

मी यंत्र खाली ठेवलं. हमालमध्ये काहीही बदललं नव्हतं. तेच १३०, तेच ५०, तीच नांगी. फक्त मोजायची रीत बदलली होती. दहा वर्षं जगभरच्या मुलांनी त्याला दुबळा समजून बाजूला ठेवलं होतं, आणि त्यात मीही होतो. त्याच्यात जे नव्हतं तेवढंच मोजून आम्ही त्याची किंमत ठरवली होती.

मला दादाचा गणिताचा पेपर आठवला. तिथीची पाऊणपट मनातल्या मनात काढणारा मुलगा गणितात नापास झाला होता. बिनचूक वेळ काढून भरतीच्या आधी फग उचलणारा, हातातल्या वजनावरून चिंबोरी ओळखणारा, आवाजावरून इंजिनातला बिघाड सांगणारा माझा भाऊ. त्याचं १३० कुणी मोजलंच नव्हतं. मोजायला बसलेल्यांत मी सगळ्यांत जवळचा होतो, आणि मी तर त्याला नाव ठेवून मोकळा झालो होतो. माझंही तसंच होतं. पुण्यात मी नापास झालो तेव्हा मीसुद्धा माझ्याकडे नसलेल्या ताकदीवर मोजला गेलो होतो. पण मला सांभाळणारा कुणीतरी होता. त्याला मी सांभाळलं नव्हतं.

त्या रात्री मला हमालचं नाव बदलावंसं वाटलं. डायमंडमध्ये इटर्ना शहरात नावं बदलून देणारा माणूस आहे. त्याच्याकडे गेलो. पण दुसऱ्याच्या खेळातून आलेल्या प्राण्याचं नाव तो बदलत नाही. ज्याने पहिल्यांदा पकडलं, त्याने दिलेलं नाव कायम राहतं. फायर रेडमध्ये असताना लॅव्हेंडर गावात ते बदलता आलं असतं. तेव्हा त्याच्या पाठीवरची सगळी कामं मी उतरवली, पण नाव उतरवायचं मनातही आलं नाही. आता मागे जायला वाट नव्हती. बोललेला शब्दही असाच असतो, हे मला त्या दिवशी उमगलं.

पुढे या खेळाचा जनक सातोशी ताजिरी याच्याबद्दल वाचलं. टोकियोच्या माचिदा भागात तो लहानाचा मोठा झाला. त्याला किडे शोधायचा नाद होता. शहर वाढलं, शेतं आणि तळी बुजून इमारती झाल्या. आपल्याला मिळालेला तो शोधण्याचा आनंद पुढच्या मुलांनाही मिळावा, ही या खेळामागची त्याची ओढ होती. वाचताना मला घरामागचं खाजण दिसत होतं. ताजिरीने जे गमावलं ते माझ्या दाराशी जिवंत होतं आणि मी त्याच्याकडे पाठ करून बसलो होतो. त्याच्यासारखाच चिखलात गुडघे टेकून जीव न्याहाळणारा मुलगा माझ्याच घरात होता. तो मला हाक मारायचा, "बघ, बोलावतायत." मी बघत नव्हतो.

पुढच्या वर्षी इंजिनाचा एक सुटा भाग घ्यायला दादा पुण्याला आला. मी त्याला 'कष्टाची भाकर'मध्ये जेवायला नेलं. पाटी वाचून तो म्हणाला, "चांगलं आहे रे हे." जेवताना मी त्याला सगळं सांगितलं. खेकड्याचं नाव, ते देताना माझ्या मनात काय होतं, आणि त्या पावसाळ्यातलं वाक्य. मान खाली घालून सांगितलं.

दादा भाकरीचा तुकडा हातात धरून ऐकत होता. म्हणाला, "त्या दिवशी लागलं होतं मला. पण नंतर बघितलं, तुझ्या खेळात सगळं तोच करायचा. त्याच्याशिवाय तू पुढे कुठे जाऊ शकला असतास? मग वाटलं, ठीक आहे."

त्याने मला माफ केलं की नाही, ते मी विचारलं नाही. त्याला लागलं होतं, हे त्याने लपवलं नाही, यातच त्याने मला पुष्कळ दिलं. एवढी वर्षं मी समजत होतो की त्याला ते आठवतही नसेल. ती माझी सोय होती.

पदविका पूर्ण करून मी आता एका आयटीआयमध्ये निदेशक आहे. डिझेल मेकॅनिकचा वर्ग मला असतो. दरवर्षी नवी मुलं येतात. बरीचशी 'अभ्यासात मागे' असा शिक्का घेऊन आलेली असतात आणि तो शिक्का त्यांनी स्वतःही मान्य केलेला असतो. पहिल्या दिवशी मी त्यांना गुणपत्रिका काढायला लावत नाही. एक जुनं इंजिन सुरू करतो आणि ऐकायला सांगतो. नेहमीच जमतं असं नाही. कधी घाईत, कधी थकून, मीही एखाद्या मुलाला चुकीच्या मापाने मोजतो आणि ते उशिरा लक्षात येतं. लक्षात येतं ते त्या खेकड्यामुळे आणि माझ्या भावामुळे. नाहीतर आलं नसतं.

हमाल मित्राच्या डायमंडच्या कार्डमध्येच राहिला. तो परत आणता येणार नव्हता. पुढे मित्र नोकरीसाठी परदेशी गेला. ते कार्ड आज कुठे आहे, मला माहीत नाही. माझा धनको माझ्या हाताबाहेर गेला आहे आणि जाताना मी दिलेलं नाव घेऊन गेला आहे. त्या नावाचा अर्थ तेवढा मला बदलता आला, तोही माझ्यापुरता.

बिस्किटांचा तो डबा मी गावी परत नेऊन ठेवला आहे. सुट्टीत गेलो की दादाची मुलगी तो उघडते. अजून यंत्र चालतं. ती फायर रेड लावते आणि दादा तिच्या खांद्यावरून बघत असतो. मागच्या खेपेला तिने समुद्रावर गळ टाकला आणि क्रॅबी लागला. याचं काय करायचं, असं तिने विचारलं. दादा म्हणाला, "लढव. नांगी बघ केवढी आहे."

दोन पेन्सिल सेल मी येतानाच घेऊन आलो होतो. ते तिच्या शेजारी ठेवले.